भेग मिटते, पण सांधते का? आकारस्मृती इपॉक्सीची कृती, नागपूरच्या उन्हासकट

रेझिनवाला_हिंगणा

ओव्हनमधून पट्टी काढली, भेग दिसत नाही, इथपर्यंत स्वतःची भेग भरणाऱ्या इपॉक्सीचे बहुतेक प्रोजेक्ट व्यवस्थित पोचतात. मग परीक्षक पट्टी हातात घेऊन जराशी वाकवतात आणि ती नेमकी त्याच रेषेवर मोडते. भेग मिटणे आणि भेग सांधणे ही दोन वेगळी कामे आहेत. आकारस्मृती, म्हणजे तापवल्यावर मूळ आकाराकडे परतण्याचा गुण, फक्त पहिले करते: दोन काठ एकमेकांना टेकवते. टेकलेल्या काठांना धरून ठेवायला दुसरा घटक लागतो. एका घटकाकडून दोन्ही कामांची अपेक्षा धरली की घोळ होतो.

थोडक्यात आतले काम. पॉलिमरच्या जाळ्यात काही गाठी कायमच्या असतात, त्या मूळ आकार धरून ठेवतात. गाठींमधल्या साखळ्या टीजीच्या, म्हणजे काच-संक्रमण तापमानाच्या खाली गोठलेल्या आणि वर मोकळ्या असतात. टीजीच्या वर नेऊन ताणा किंवा दाबा, तसेच धरून थंड करा, मग सोडा. साखळ्या त्या अवस्थेतच गोठतात. याला प्रोग्रॅमिंग म्हणतात. पुन्हा तापवले की त्या आपल्या मूळ गुंत्याकडे परततात, कारण एन्ट्रॉपीला, म्हणजे साखळ्यांच्या विस्कळीतपणाला, तोच सोयीचा. विजेच्या दुकानातली हीट-श्रिंक ट्यूब हेच करते. पॉलिथिलीन क्रॉसलिंक करून (साखळ्या एकमेकींना बांधून), गरम असताना फुगवून, थंड करून विकतात. शेवटची पायरी तेवढी आपल्या हातात असते.

आता कृती. मोजमाप एका छोट्या घाण्याचे, त्यात ४० × १२ × १२ मिमीचे चार ठोकळे होतात.

एलवाय ५५६ किंवा तत्सम द्रव इपॉक्सी २० ग्रॅम. हार्डनर म्हणून डी-२३० पॉलिइथरअमाइन ६.४ ग्रॅम. सांधणारा दुसरा घटक म्हणून पॉलीकॅप्रोलॅक्टोन, म्हणजे पीसीएल, सुमारे ५०,००० रेणुभाराचे, २.९ ग्रॅम. पीसीएल एकूण वजनाच्या १० टक्के झाले.

रेझिन ९० अंशांना तापवून त्यात पीसीएल थोडे थोडे टाका आणि दाणे पूर्ण विरघळेपर्यंत ढवळा. तास-दीड तास लागतो. घाई करून १५० वर नेऊ नका. मिश्रण नितळ झाले की व्हॅक्यूममध्ये बुडबुडे काढा. हार्डनर घालण्याआधीच काढा, कारण नंतर व्हॅक्यूमला फारसा वेळ मिळत नाही. तापमान ७० वर आणा, डी-२३० घाला, पाच मिनिटे कडेचे आणि तळाचे खरवडत ढवळा. साचा आधीच ७० ला गरम असू द्या. थंड साच्यात भिंतीलगत पीसीएल आधी गोठते आणि ठोकळ्याला साय धरल्यासारखा थर येतो. मग ८० अंशांना २ तास, १०० ला दीड तास, १३० ला १ तास.

क्युअर होताना, म्हणजे तापून घट्ट होताना, नितळ मिश्रण दुधाळ होते. घाबरू नका, तेच हवे आहे. इपॉक्सीचे जाळे वाढत जाते तसे पीसीएल त्यातून बाहेर ढकलले जाते आणि वेगळे राहते. शेवटपर्यंत पारदर्शक राहिले तर समजा की पीसीएल कमी रेणुभाराचे होते आणि जाळ्यातच विरघळून बसले. ते भेगेत वाहून येणार नाही, उलट टीजी खाली ओढेल.

साध्या मिश्रणाचा टीजी ८५ ते ९० च्या आसपास येतो, पीसीएल ६० च्या जवळ वितळते. म्हणून भेग भरण्याचे तापमान १०५ ठेवा: इपॉक्सी रबरासारखी होते आणि पीसीएल वाहते.

---

इतवारी_केमिकल

भाऊ, डी-२३० सगळ्यांजवळ नसते. कॉलेजच्या लॅबमध्ये एचवाय ९५१ पडलेलेच असते. ते काहून नाही चालत?

---

रेझिनवाला_हिंगणा

एचवाय ९५१ म्हणजे ट्रायइथिलीनटेट्रामाइन, १०० ग्रॅमला १० ते १२ ग्रॅम लागते. दोन अडचणी. पीसीएल द्रव ठेवायला मिश्रण ६०-७० वर लागते आणि त्या तापमानाला हे हार्डनर काही मिनिटांतच भडकते. कपात धूर निघतो, मिश्रण साच्यात जाण्याआधीच दगड होते. दुसरे, त्याच्या साखळ्या आखूड, गाठी दाट. टीजी वर जातो आणि रबरी अवस्थेत ठोकळा फार ताण सोसत नाही. ५ टक्के दाबायला गेलात की चिरतो. डी-२३० मधल्या लवचीक इथर साखळ्याच इथे कामाच्या आहेत.

---

तुलाकाटा

६.४ ग्रॅम हा आकडा कुठून आला ते सांगायला हवे, नाहीतर लोक वेगळ्या रेझिनला तोच लावतील.

डब्यावर इपॉक्सी इक्विव्हॅलंट वेट, म्हणजे एक मोल इपॉक्सी गट असलेल्या रेझिनचे ग्रॅममधले वजन, लिहिलेले असते. एलवाय ५५६ साठी ते १८३ ते १९२ मध्ये येते, मधले १८७ धरू. हार्डनरसाठी तसाच आकडा, डी-२३० चे अमाइन हायड्रोजन इक्विव्हॅलंट वेट, ६०. म्हणून १०० ग्रॅम रेझिनला ६० × १०० ÷ १८७ = ३२ ग्रॅम. २० ग्रॅमला ६.४. काटा ०.०१ ग्रॅमचा घ्या. हार्डनर १० टक्क्यांनी चुकले तर सुटी टोके राहतात, टीजी घसरतो आणि आकार पूर्ण परत येत नाही. लोक मग दोष आकारस्मृतीला देतात.

टीजी खाली आणायचा असेल तर काही रेझिनच्या जागी निओपेंटिल ग्लायकॉल डायग्लिसिडिल इथर घ्या. झी आणि रुसो या संशोधकांनी २००९ मध्ये याच तीन घटकांनी टीजी साधारण ३० पासून ९० अंशांपर्यंत हवा तिथे बसवून दाखवला होता. अदलाबदल ग्रॅमला ग्रॅम नव्हे, इक्विव्हॅलंटला इक्विव्हॅलंट करायची. अर्धे इक्विव्हॅलंट बदलले की टीजी साठीच्या घरात येतो. बाजारातल्या मालाचे इक्विव्हॅलंट वेट शुद्ध पदार्थाच्या १०८ पेक्षा बरेच जास्त असते, म्हणून इथेही डब्यावरचाच आकडा घ्या.

---

नवतपा_४६

टीजी खाली आणायचा असेल तर, म्हणालात. पण इथे कशाला आणायचा?

नागपुरात मे महिन्यात सावलीतले तापमान ४५ च्या पुढे जाते. बंद कारचा डॅशबोर्ड, गच्चीवरचा काळा पत्रा सहज ६५-७० गाठतो. परदेशी पेपरांत ४० किंवा ४५ टीजीचे नमुने असतात कारण त्यांच्या खोलीत २२ अंश असतात. पॉलिनॉरबॉर्निन या आकारस्मृती पॉलिमरचा टीजी ३५ ते ४० असतो. ते आपल्याकडे वैशाखात टेबलावर ठेवल्या ठेवल्या परत वळेल. प्रोग्रॅम केलेला नमुना टीजीच्या किमान २० अंश खाली साठवायचा हा साधा नियम धरला तरी बाहेर वापरायच्या वस्तूचा टीजी इथे ९० लागतो.

आणि खरी गोम पीसीएलची आहे. ते तर ६० लाच वितळते. म्हणजे गच्चीवरच्या पट्टीत ते रोज दुपारी वितळणार, रात्री गोठणार. पृष्ठभागावर थोडे थोडे पाझरून धूळ धरणार. प्रात्यक्षिकासाठी पीसीएल उत्तम, उन्हातल्या वस्तूसाठी नाही.

---

रेझिनवाला_हिंगणा

मान्य. बाहेरच्या कामासाठी पीसीएलऐवजी इथिलीन-मेथॅक्रिलिक ॲसिड कोपॉलिमर घ्या. ते ९० च्या आसपास वितळते. रेझिनमध्ये विरघळत नाही, म्हणून बारीक दळून कणांच्या रूपात मिसळायचे. भरायला १५० अंश आणि अर्धा तास लागतो. गंमत अशी की त्या तापमानाला त्याची इपॉक्सीशी थोडी रासायनिक क्रिया होऊन वाफेचे बुडबुडे तयार होतात आणि तेच वितळलेल्या मालाला भेगेत ढकलतात. कण तळाशी बसू नयेत म्हणून मिश्रण थोडे घट्ट झाल्यावर ओता.

पीसीएल मात्र पूर्ण बाद करू नका. वातानुकूलित पॅनेलमधले भाग, यंत्राच्या आतली पट्टी, वर्गातले प्रात्यक्षिक, तिथे ते स्वस्त आणि सोपे आहे.

---

सीताबर्डी_सेकंड_इयर

मी पट्टी १०० अंशांना ५ टक्के ताणून प्रोग्रॅम करणार आहे, मग ब्लेडने भेग पाडून तापवणार. आखडताना भेग बंद होईल ना?

---

आडवा_छेद

नाही होणार. हीच चूक सगळ्यात जास्त दिसते, म्हणून जरा सविस्तर.

मोकळी पट्टी आखडते तेव्हा भेगेसकट सगळेच त्याच प्रमाणात आखडते. अर्ध्या मिमीची भेग ०.४८ मिमीची होईल, बस. बंद करायला माल भेगेकडे ढकलला जायला हवा. त्याचे तीन रस्ते आहेत.

पहिला, दाबून प्रोग्रॅम करणे आणि तापवताना बाहेरून अडवणे. ठोकळा १०० अंशांना लांबीत ५ टक्के दाबायचा, म्हणजे ४० मिमीचा ३८ करायचा, तसाच धरून ४० अंशांच्या खाली थंड करायचा. भेग पडल्यावर तो अशा चौकटीत ठेवायचा की दोन्ही टोके हलणार नाहीत. तापला की तो २ मिमी वाढू पाहतो, टोके अडलेली, जागा फक्त भेगेत, म्हणून काठ येऊन भिडतात. लुइझियाना स्टेट युनिव्हर्सिटीतल्या गुओचियांग ली यांच्या 'आधी बंद कर, मग सांध' पद्धतीचा गाभा हाच. तुकडे पूर्ण वेगळे झाले तरी ही पद्धत चालते.

दुसरा, आधीच ताणलेले आकारस्मृती धागे भेगेला आडवे घालणे. इथे ताणून प्रोग्रॅम करणे बरोबर ठरते, कारण धाग्याची टोके दोन्ही बाजूंच्या मालात रुतलेली असतात आणि आखडताना तो काठांना टाक्यासारखे ओढतो.

तिसरा, प्रोग्रॅम न करता. भेग पडताना टोकाजवळचा माल जो वाकतो-ताणला जातो, तोच तात्पुरता आकार. तापवले की तेवढा भाग परत फिरतो. संशोधक पॅट मॅथर यांच्या गटाने २०११ मध्ये पीसीएलच्याच जाळ्यात पीसीएलच्या मोकळ्या साखळ्या घालून हे दाखवले: जाळे भेग मिटवते, मोकळ्या साखळ्या सांधतात. पण माल काचेसारखा कडकन फुटला असेल तर परत फिरायला काही वाकलेलेच नसते. कुरकुरीत इपॉक्सीत म्हणूनच हा रस्ता निराश करतो.

पॉलिमरचा जोर मुळात कमी असतो हेही ध्यानात ठेवा. नायटिनॉल हा आकारस्मृती धातू ८ टक्क्यांच्या आसपासच परत येतो पण शेकडो मेगापास्कलने ओढतो. पॉलिमर खूप जास्त परत येतो, पण जोर एक-दोन, फार तर दहा मेगापास्कलच्या घरात. भेगेत कचरा किंवा सुटा कण अडकला असेल तर तो चिरडून काठ भेटणार नाहीत.

---

सीताबर्डी_सेकंड_इयर

मग दाबायला मशीन लागेल का? यूटीएमची, म्हणजे ताण-दाब चाचणी यंत्राची, वेळ मिळत नाही.

---

आडवा_छेद

गरज नाही. टीजीच्या वर या मालाचा मोड्युलस (ताठपणा) १० मेगापास्कलच्या आसपास असतो. ५ टक्के म्हणजे अर्धा मेगापास्कल, १४४ चौ. मिमीवर साधारण ७० न्यूटन. सात किलोचे वजन. ॲल्युमिनियमच्या दोन पट्ट्या आणि दोन एम६ बोल्ट यांची चौकट करा, ती ठोकळ्यासकट ओव्हनमध्ये जाते. बेंच व्हाइस वापरू नका, थंड जबडे टोकांची उष्णता ओढून घेतात आणि मधलाच भाग दबतो. ठोकळा बाजूला फुगून वाकू नये म्हणून दोन्ही बाजूंना टेफ्लॉनचे आधार द्या. लांबी ४० ठेवायला सांगितली ती यासाठीच. बारीक लांब पट्टी दाबली की सरळ वाकते.

एक सापळा. चौकटीतला ठोकळा प्रोग्रॅम न करताही तापल्यावर फुगतो. हिशेब करा: इपॉक्सीचे प्रसरण टीजीच्या खाली अंशाला दशलक्षात ६० च्या आसपास, वर १८० च्या आसपास, ॲल्युमिनियमचे २३. २५ वरून १०५ वर नेताना ४० मिमीत जवळजवळ ०.२ मिमी भेग नुसत्या प्रसरणाने मिटते. म्हणून भेगेची रुंदी अर्धा मिमी तरी ठेवा आणि प्रोग्रॅम न केलेला ठोकळा शेजारी त्याच चौकटीत ठेवा. नाहीतर कशाचे श्रेय कोणाला, हे कळणार नाही.

---

तुलाकाटा

तुलनेचे नमुने चार प्रकारचे लागतात: पीसीएलसह प्रोग्रॅम केलेला, पीसीएलसह न केलेला, पीसीएलशिवाय केलेला, पीसीएलशिवाय न केलेला. प्रत्येकी तीन तरी. पीसीएलशिवाय प्रोग्रॅम केलेला ठोकळा डोळ्यांना सगळ्यात छान दिसतो आणि ताकद शून्याजवळ देतो. या चर्चेच्या नावातला प्रश्न तिथेच सुटतो.

मोजायचे कसे? तीन बिंदूंच्या वाकवणीत अखंड ठोकळ्याचा मोडण्याचा भार आणि भेग भरलेल्याचा भार, दुसऱ्याला पहिल्याने भागा. २००१ मध्ये व्हाइट आणि सहकाऱ्यांनी सूक्ष्म कुप्यांच्या इपॉक्सीत चिवटपणा ७५ टक्क्यांपर्यंत परत मिळवला होता. त्यात डायसायक्लोपेंटाडाइन भरलेल्या कुप्या फुटतात आणि ग्रब्स उत्प्रेरकाने माल घट्ट होतो. त्याला तापवावे लागत नाही हा मोठा फायदा, पण एका जागची कुपी एकदाच फुटते. पीसीएल पुन्हा पुन्हा वितळते. मात्र प्रत्येक वेळी नवा दाब लागतो, म्हणजे पुन्हा प्रोग्रॅमिंग.

भरण्याआधी प्रोग्रॅमिंग नीट झाले का, तेही बघा. दाबून सोडल्यावर किती दाब टिकला त्याला स्थिरता म्हणायचे, तापवल्यावर त्यातला किती परत आला ती पुनर्प्राप्ती. लांबी व्हर्नियरने, थंड झाल्यावर. पहिल्या फेरीचे आकडे सोडून द्या, साच्यातले अंतर्गत ताण त्यात निघून जातात. दुसऱ्या-तिसऱ्या फेरीत दोन्ही ९५ टक्क्यांच्या खाली असतील तर मिश्रणात किंवा क्युअरमध्ये चूक आहे.

---

ताई_पॉलिमर_लॅब

तापवण्याबद्दल दोन शब्द. ओव्हनचा डिस्प्ले हवेचे तापमान दाखवतो. जास्तीच्या एका ठोकळ्यात भोक पाडून के-टाइप थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) बसवा आणि तो चौकटीत ठेवून बघा, धातूसकट १०५ गाठायला अर्ध्या तासाहून जास्त लागू शकतो. वेळ तिथून मोजा आणि पुढे ३० मिनिटे धरा. ५०,००० रेणुभाराचे पीसीएल मधासारखे नाही, घट्ट काकवीसारखे सरकते. सिलिकॉन तेलाच्या बाथमध्ये लवकर तापते म्हणून कोणी तसे करू नका. तेल भेगेत शिरले की पुढे काहीच चिकटत नाही. साच्याला सिलिकॉन स्प्रे मारणाऱ्यांनाही हेच सांगणे. भेगेच्या काठाला बोटही लावू नका.

थंड करण्यात मे महिन्यातला घोटाळा आहे. पीसीएल ६० ला वितळत असले तरी थंड होताना ६० ला गोठत नाही. स्फटिक साधारण ३० ते ३५ अंशांजवळ भराभर बनतात. ४२ अंशांच्या खोलीत ठोकळा हाताला गार लागला म्हणून चौकट उघडली तर आतले पीसीएल अजून अर्धवट द्रव असते आणि भेग पुन्हा फाकते. चौकटीसकट तासभर फ्रीजमध्ये ठेवा, मग बोल्ट सोडा.

---

इतवारी_केमिकल

आणि कूलर! लॅबमध्ये कूलर लावून इपॉक्सी ओतून राहिले लोक. उन्हाळ्यात नागपूरची हवा कोरडी, पण कूलरसमोर ती तशी राहत नाही. हार्डनरमधले अमाइन ओलावा आणि कार्बन डायऑक्साइड ओढते आणि वर तेलकट-मेणचट पापुद्रा येतो. ओतताना कूलर बंद, डी-२३० ची बाटली लगेच बंद. पावसाळ्यात पॉलियुरेथेनवाल्यांनी जास्त सांभाळा, ते ओलाव्याने टीजीच खाली आणते. नमुना मोजण्याआधी कोरडा करून डेसिकेटरमध्ये (ओलावा शोषणाऱ्या बंद भांड्यात) ठेवा.

हिवाळ्यात उलटे. डिसेंबरच्या थंडीत एलवाय ५५६ डब्यात पांढरे, रवाळ होते. माल खराब नाही, स्फटिक धरले आहेत. ५०-५५ अंशांना पूर्ण नितळ होईपर्यंत ठेवा न, तसेच वरवरचे काढून तोलू नका.

---

वर्धा_रोड_डिटेलिंग

गाडीवरच्या पीपीएफला, म्हणजे पेंट प्रोटेक्शन फिल्मला, सेल्फ-हीलिंग म्हणून विकतात, ते हेच का? गिऱ्हाईक विचारते की किल्लीचा ओरखडा जाईल का.

---

आडवा_छेद

जवळचे नातेवाईक. थर्मोप्लास्टिक पॉलियुरेथेनच्या फिल्मवरचा लवचीक थर उन्हाने किंवा गरम पाण्याने सैल होतो आणि दबलेला माल परत वर येतो. कापडाने पुसताना उठलेल्या बारीक रेघा आपल्या उन्हात गाडी उभी केली तरी जातात.

किल्लीच्या ओरखड्यात बघा की माल सरकलाय का निघालाय. चरेच्या दोन्ही बाजूंना उंचवटा लागत असेल तर माल तिथेच आहे, तो परतेल. उंचवटा नाही आणि नखात बारीक कीस येतो, तर माल गेलेला आहे. किंवा फिल्म आरपार कापली गेली आहे. दोन्हीत हीट गन मारून उपयोग नाही, फिल्म पिवळी पडेल. गिऱ्हाइकाला आधीच सांगा.

---

ताई_पॉलिमर_लॅब

लेपावर काम करणाऱ्यांनी हीच नजर वापरावी. पोलादी पत्र्यावर लेप असेल तर भेगेचा तळ पत्र्याला चिकटलेला असतो, वरचे काठ जुळले तरी तळाशी फट राहू शकते. डोळ्यांवर विसंबू नका. ३ टक्के मिठाच्या पाण्यात किंचित पोटॅशियम फेरिसायनाइड आणि फिनॉल्फ्थॅलीनचे थेंब घालून ते ओरखड्यावर फिल्टर पेपरने ठेवा. लोखंड उघडे असेल तिथे निळा डाग उठतो. आधी न भरलेल्या ओरखड्यावर करून बघा, म्हणजे द्रावण काम करते हे कळेल. या द्रावणात ॲसिड पडू देऊ नका.

---

सीताबर्डी_सेकंड_इयर

शेवटचे एक. पीसीएल १० ऐवजी १५ टक्के घेतले तर जास्त भरेल का? एका पेपरात १५.५ टक्के आहे.

---

रेझिनवाला_हिंगणा

तो मॅथर गटाचा २००९ चा पेपर. त्यात हार्डनर वेगळे, डायअमिनोडायफिनाइल सल्फोन, आणि भरण्याचे तापमान १९० अंश. तिथे १५.५ टक्क्यांना इपॉक्सीचे गोळे विटांसारखे आणि पीसीएल मधल्या चुन्यासारखे सलग झाले होते. वितळताना पीसीएल इपॉक्सीपेक्षा बरेच जास्त फुगते, म्हणून आपोआप भेगेत पाझरते. डी-२३० मध्ये तीच रचना त्याच टक्क्याला मिळेल असे धरू नका, क्युअरचा वेग बदलला की सगळे बदलते.

२० ग्रॅम रेझिन आणि ६.४ ग्रॅम हार्डनरला १५ टक्क्यांसाठी पीसीएल ४.७ ग्रॅम लागेल. मिश्रण खूप घट्ट होते, बुडबुडे निघायला दुप्पट वेळ द्या. १०, १२.५ आणि १५ असे तीन घाणे करा, प्रत्येकाचा एक ठोकळा मोडून मोडलेला पृष्ठभाग टोल्युइनमध्ये रात्रभर बुडवा. पीसीएल विरघळून जाते, इपॉक्सी राहते. वाळवून सूक्ष्मदर्शकाखाली बघा: सुटी भोके दिसली तर पीसीएल थेंबांत आहे, सुटे गोळे किंवा गोळ्यांची माळ दिसली तर सलग आहे. टोल्युइन फ्यूम हूडमध्येच, ओव्हनमध्ये वाळवण्याआधी पूर्ण उडू द्या.